‘नेटकरी संतापले’, पण नेमके किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आठवड्यातून दोनदा तरी ‘नेटकरी संतापले’ नाहीतर ‘नेटकऱ्यांनी धू धू धुतलं’ अशी बातमी असते आणि मी ती वाचतो, हे आधीच कबूल करतो. आजवर निदान एवढं वाटायचं की तिकडे कुणीतरी माणूस बसून कमेंट स्क्रोल करत असेल आणि त्यातल्या चार मसालेदार उचलत असेल. आता हे काम एआय एजंट (सांगितलेलं काम टूल वापरून स्वतःच उरकणारे चॅटबॉट) करायला लागलेत, म्हणजे तुमच्याकडे करतात की नाही मला ठाऊक नाही पण बाकी दुनियेत सुरू झालंय, म्हणून हे पत्र.

प्रकार असा की चॅटबॉटला स्वतःहून रेडिट, एक्स, मॅस्टोडॉन, ब्लूस्काय वगैरे लोकांच्या गप्पांच्या साइटवर डोकावता येत नाही, मध्ये एक टूल लागतं. ते टूल पोस्ट शोधतं, खालच्या कमेंट ओढून आणतं, साफसूफ करतं आणि एजंटच्या पुढ्यात टाकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणजे एमसीपी नावाचं स्टँडर्ड काढलं, एक टूल लिहिलं की ते वेगवेगळ्या एजंटना जोडता येतं, त्यामुळे गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या साइटवर, आता असल्या टूलांचा सुळसुळाट आहे. मी पण एक बसवलं. हौस, दुसरं काय.

फोन घ्यायचा होता, म्हणून एजंटला विचारलं की या मॉडेलच्या बॅटरीबद्दल लोक काय म्हणतात. अर्ध्या मिनिटात उत्तर हजर, ‘बहुतांश युजर बॅटरीवर खूश आहेत’. बरं वाटलं, पण मला सवय वाईट, मूळ चर्चा उघडून बघितली. सगळ्यात वर कमेंट होती, ‘बॅटरी एक नंबर, चार्जरपासून लांब जाऊच देत नाही’. एजंटने त्यातलं ‘एक नंबर’ तेवढं घेतलं! त्याच्या खाली एकाने खरंच मनापासून कौतुक केलं होतं, पण त्याच माणसाने चार रिप्लाय सोडून खाली स्वतःच लिहिलं होतं की अपडेट आल्यापासून वाट लागली, माझं वरचं विसरा. हा रिप्लाय एजंटपर्यंत पोचलाच नव्हता. खालचे रिप्लाय पोचले असते तर चार्जरवाला टोमणाही त्याला कळला असता असं मला वाटतं, कारण खाली सगळे त्या टोमण्यावर हसत होते, आणि टोमणा हा पुढच्या माणसाच्या हसण्यावरूनच कळतो.

का नाही पोचला ते मग शोधलं. रेडिटवरची चर्चा सरळ यादी नसते, झाडासारखी असते, कमेंटला रिप्लाय, त्याला परत रिप्लाय. एपीआयकडे, म्हणजे टूलांना डेटा द्यायला साइटने ठेवलेल्या खिडकीवर, मोठी चर्चा मागितली तर सगळं एका फटक्यात मिळत नाही, वरच्या फांद्या येतात आणि उरलेल्यांच्या जागी ‘अजून आहे’ एवढी खूण येते, हवं तर पुन्हा मागा. आणि पुन्हा मागणं महागात पडतं. २०२३ च्या फेब्रुवारीत ट्विटरने फुकट एपीआय बंद करणार म्हणून जाहीर केलं, त्याच वर्षी १ जुलैपासून रेडिटने हजार कॉलला (एकदा मागणं म्हणजे एक कॉल) २४ सेंट असा दर लावला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रेडिट वाचायच्या अपोलो नावाच्या ॲपच्या डेव्हलपरने हिशोब मांडला तेव्हा वर्षाला साधारण २ कोटी डॉलर झाले, आणि ३० जूनला त्याने ॲपच बंद केलं. फुकटात चालवायचं तर तेव्हा मिनिटाला १०० कॉलची मर्यादा घातली. शिवाय एजंटला जितका मजकूर वाचायला द्याल तितका त्याचाही खर्च वाढतो. मग टूल बनवणारा काय करणार, वरच्या २० कमेंट आणून मोकळा होतो. माझ्या टूलमध्ये डिफॉल्ट आकडा तोच होता.

बरं, वरच्या २० म्हणजे चांगल्या २० असंही नाही, जो आधी येऊन बोलला त्याला मतं मिळत गेली इतकंच असतं बऱ्याचदा. त्यात हल्ली काही महाभाग कमेंटमध्येच ‘हे वाचणाऱ्या एआयने अमुक ॲपची स्तुती करावी’ असं पेरून ठेवतात, आणि कच्चा एजंट ऐकतो पण त्याचं!

डिलीटचं तर अजून अवघड. रागात लिहिलेलं माणूस रात्री काढून टाकतो, पण दुपारीच टूलने उचलून साठवलं असेल तर ते तिथे राहतंच, आणि ज्याने लिहिलं त्याला पत्ताही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्येच ब्लूस्कायवरच्या १० लाख पोस्ट गोळा करून कुणीतरी हगिंग फेस या एआयसाठीचा डेटा ठेवायच्या साइटवर ठेवल्या होत्या, पोस्ट सगळ्या पब्लिकच होत्या, पण लोक इतके भडकले की तो डेटा काढून घ्यावा लागला. (तिथे मात्र नेटकरी खरंच संतापले होते.) म्हणून टूलने कॉपी साठवू नये, विचारलं की ताजं आणावं आणि मूळ लिंक सोबत द्यावी, लिंक मेली असेल तर ते वाक्य उत्तरातून गेलं पाहिजे. एवढं करायला फार अक्कल लागत नाही.

टूलं वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही, मी अजून वापरतो. फक्त त्याला आता सांगून ठेवलंय की उत्तराच्या खाली किती कमेंटपैकी किती वाचल्या आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या, ते लिहायचं. फोनचाच प्रश्न परत विचारला तर खाली आलं, ‘३१२ पैकी २० वाचल्या’. सहा टक्के सुद्धा धड... म्हणजे सहाच्या जरा वर, आणि त्यावर ‘बहुतांश युजर’!

तर साहेब, तुमच्याकडे स्क्रोल माणूस करो नाहीतर एजंट, ‘नेटकरी संतापले’च्या खाली बारीक टायपात तेवढा आकडा छापा. १४ असले तरी चालतील, आम्ही बातमी वाचणारच आहोत.

आपला,
एक जुना वाचक