रिंकू आणि दिनेश आठवतात, पण त्यांचे प्रशिक्षक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये गेलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील तरुणांविषयी आपल्याकडे अधूनमधून लिहिले जाते. परंतु २००८ साली, तोवर कधीही बेसबॉल न खेळलेल्या या दोन भालाफेकपटूंना काही महिन्यांत पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या करारापर्यंत नेणारे प्रशिक्षक टॉम हाउस यांच्याबद्दल मराठीत जवळपास काहीच वाचायला मिळत नाही. त्यासाठी हा पत्रप्रपंच.

हाउस हे १९७१ ते १९७८ या काळात अटलांटा ब्रेव्ह्ज, बॉस्टन रेड सॉक्स आणि सिअ‍ॅटल मरिनर्स अशा तीन संघांकडून खेळलेले डावखुरे रिलीफ पिचर (पिचर म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज), म्हणजे मुख्य पिचर दमला किंवा मार खाऊ लागला की मैदानात उतरवला जाणारा खेळाडू. त्यांच्या चेंडूला धाक वाटावा असा वेग नव्हता. पिचरच्या नावावर मांडले जाणारे २९ विजय आणि २३ पराभव ही त्यांची कारकिर्दीची जमाखर्च वही. ८ एप्रिल १९७४ रोजी ब्रेव्ह्जचे फलंदाज हँक अ‍ॅरन यांनी बेब रूथ यांचा कारकिर्दीतील सर्वाधिक होम रनचा (म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारख्या कुंपणापार टोल्यांचा) विक्रम मोडणारा ७१५ वा होम रन मारला, तेव्हा तो चेंडू कुंपणापलीकडे, ब्रेव्ह्जच्या पिचरांच्या सरावाच्या जागेत उभ्या असलेल्या हाउस यांनी झेलला आणि धावत जाऊन, आईच्या मिठीत असलेल्या अ‍ॅरन यांच्या हाती दिला. त्याच मोसमात हाउस यांनी दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी १.९३ इतकी उत्तम होती. लोकांना मात्र तो झेलच आठवतो.

पुढे १९८५ ते १९९२ या काळात ते टेक्सास रेंजर्सचे पिचिंग प्रशिक्षक होते. पिचरांना सरावात लांबट अमेरिकी फुटबॉल फेकायला लावल्याबद्दल त्यांची भरपूर टिंगल झाली. त्यामागचा विचार मात्र साधा होता. बेसबॉलचे वजन सुमारे १४५ ग्रॅम, तर या फुटबॉलचे ४०० ग्रॅमच्या आसपास असते. फेकताना हात चुकीच्या मार्गाने आला, तर फुटबॉल हवेत डगमगतो आणि प्रशिक्षकाने तोंड उघडण्याआधीच फेकणाऱ्याला आपली चूक दिसते. हाउस यांच्यापेक्षा तीनच महिन्यांनी मोठे असलेले पिचर नोलन रायन याच संघात आले, १९८९ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ३०१ फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू टोलवू न देता बाद, केले आणि १९९१ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, कारकिर्दीतला सातवा नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता संपवलेला सामना, टाकला. याचे सगळे श्रेय प्रशिक्षकाला देणे रायन यांच्यावर अन्याय ठरेल, कारण ते आधीपासूनच असामान्य होते. त्या आठ वर्षांत रेंजर्स एकदाही आपल्या विभागात अव्वल आले नाहीत, हेही नमूद करायला हवे. तसेच खेळत असताना आपण स्टिरॉइड्स घेतल्याची कबुली हाउस यांनी २००५ मध्ये स्वतःहून दिली. त्यांना देव्हाऱ्यात बसवावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही.

म्हणणे इतकेच आहे की, ज्याच्या दंडात उपजत ताकद नसते त्याला प्रत्येक चेंडू कसा सुटतो याचा विचार करणे भाग पडते, आणि शिकवताना तोच विचार कामी येतो. हाउस यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, चित्रफितींच्या आधारे फेकीचा अभ्यास केला, आणि पुढे ड्रू ब्रीज व टॉम ब्रेडी यांच्यासारखे अमेरिकी फुटबॉलमधील अव्वल क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारे खेळाडू, त्यांच्याकडे शिकायला आले. रमाकांत आचरेकर सरांच्या नावावर एकच प्रथम श्रेणी सामना आहे, हे ठाऊक असलेल्या मुंबईकराला तरी यात नवल वाटू नये. तरीही प्रशिक्षक नेमायची वेळ आली की आपल्याकडे आधी शतके आणि बळी मोजले जातात.

रिंकू आणि दिनेश मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीपर्यंत, पोहोचले नाहीत, म्हणून त्यांची गोष्ट आपण गमतीदार प्रसंग म्हणून वाचून सोडून दिली. प्रौढ वयात नवी फेक कशी शिकवली गेली आणि भालाफेकीची सवय कुठे उपयोगी पडली व कुठे आड आली, हे आपल्या क्रीडा पुरवणीत सविस्तर यावे, अशी विनंती आहे. शालेय बेसबॉल शिकवणाऱ्या आपल्या राज्यातील क्रीडाशिक्षकांना आणि कोवळ्या वयात वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या पालकांना ते वाचायला हवे आहे.

कळावे,
आपला एक वाचक, पुणे