तुझी फेरीबोटीची आठवण हवी आहे

मळा, पणजी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पणजी ओळखू येत नाही असं ऐकतो, खरं का, असं विचारलंस. खरंय रे. फोंतायनशात, आपल्या त्या जुन्या वस्तीत, सकाळपासून लोक रंगीत भिंतींपुढे फोटो काढत असतात. कितीतरी घरांची गेस्ट हाऊसं झाली. आमच्याच वाड्यावर कुठल्या दारामागे कोण राहतं, हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून पावसाच्या सुरुवातीला आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं, दर रविवारी संध्याकाळी आमच्या सोप्यावर बसायचं. ज्याच्याकडे जुना फोटो, कागद असेल त्याने आणायचा आणि सांगायचं. मी वहीत उतरवून घेतो. आधी आपलीच माणसं आली, मारुतीगडाच्या जत्रेच्या आठवणी झाल्या.

मग एकदा 5 जुलै 1986 चा विषय निघाला. मांडवीवरचा पूल कोसळला तो दिवस! सगळे एकदम बोलू लागले. तेवढ्यात वरच्या खोलीत भाड्याने राहणारी हुबळीकडची बाई दारात दिसली. शिवणकाम करते. तिला आम्ही कधी बोलावलंच नव्हतं, मीसुद्धा नाही, याची मला लाज वाटते. ती वर गेली आणि एक फोटो घेऊन आली. नदीकाठी सळ्यांच्या ढिगाशी उभा तिचा सासरा, डोक्याला टॉवेल, पाय गुडघ्यापर्यंत सिमेंटने पांढरे. 1992 साली खुला झालेल्या नव्या पुलावर त्याने काम केलं होतं. शेजारचे भाऊ या लोकांना सर्रास 'भायले', म्हणजे बाहेरचे, म्हणायचे. त्यांनी फोटो बराच वेळ हातात धरला, मग विचारलं, "हे लोक तेव्हा जेवायचे कुठे?" ती सांगत गेली, आम्ही दिवे लागेपर्यंत ऐकत बसलो.

1832 पासूनची आपली सेंट्रल लायब्ररी आहे, पूल पडल्याची बातमी तिथे शोधता येईल. पण पूल बांधणारे रात्री काय शिजवत होते, हे या बाईनेच सांगावं. इतकी वर्षं मी इतिहास म्हणजे फक्त जुन्या पणजीकरांचा समजत होतो, ते साफ चुकलं. यंदा गणेश चवथीला भाऊंच्या घरची गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला तिचा मुलगा शिडीवर चढला होता.

आता तुझ्याकडे येतो. तू मांडवीपलीकडच्या बेतीचा, पूल पडल्यावर रोज फेरीबोटीने शाळेत यायचास. तुझी गणिताची वही मांडवीत पडली आणि तू रडत वर्गात आलास, ते मला लख्ख आठवतं. तेव्हा बोटीत किती गर्दी असायची, पाऊस आत कसा यायचा, सगळं लिहून पाठव. दोन पानं पुरेत. येत्या रविवारी वाचून दाखवतो, भाऊ आतापासूनच विचारताहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मळ्यातला मित्र