बसची वेळ सामानाच्या पट्ट्याजवळ लिहा

संपादक महोदय,

विमानतळावरून घरी टॅक्सीने जायचे की बसने, हे माणूस ठरवतो ते सामानाच्या पट्ट्यापाशी उभा असताना. बॅग येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे, तेवढीच. आणि नेमकी तिथेच बसची काही माहिती नसते, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात मी आणि माझे यजमान बेंगळुरूहून परतलो. कुठल्या विमानतळावर उतरलो ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मागणी गोव्यातल्या दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांसाठी आहे. रात्रीचे आठ वाजून गेले होते. यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झालेले. बसची चौकशी केली तर एक कर्मचारी म्हणाला, आत्ताच गेली. दुसरा म्हणाला, नऊला आहे. सुटते कुठून, हे दोघांनाही सांगता आले नाही.

शेजारी एक मुलगा उभा होता, विशीतला. सुतळीने बांधलेला खोका त्याच्या पायाशी. त्याने मला विचारले, "मावशे, दिवचले वचपाक बस मेळटली?" (डिचोलीला जायला बस मिळेल का?) बेंगळुरूच्या एका हॉटेलात लागलेला, पहिल्याच रजेवर घरी चाललेला. पस्तीस वर्षे शाळेत मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्याला मात्र काहीच सांगू शकले नाही. थोड्या वेळाने तो फोनवर घरच्यांकडे टॅक्सीसाठी पैसे मागत होता. बाहेर आलो तर बस दिवे लावून उभी, अर्धी रिकामी. तोवर त्याचा खोका टॅक्सीच्या डिकीत गेला होता.

आम्ही टॅक्सीच केली आणि ते योग्यच झाले. दुखऱ्या पायाने पणजीला उतरून फोंड्याची गाडी धरणे यजमानांना झेपले नसते. चालकाने त्यांना हात धरून दारापर्यंत आणून सोडले. टॅक्सीवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही. मोपासाठी पेडण्यातल्या अनेकांच्या जमिनी गेल्या, तिथल्या मुलांनी त्याच विमानतळावर गाडी चालवून पोट भरले तर त्यात वावगे काय? पण एकटीने, एक पिशवी घेऊन आले होते तेव्हा मी कदंब या गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या इलेक्ट्रिक बसने पणजी गाठली, तिथून बाणस्तारी-म्हार्दोळमार्गे फोंडा. प्रवास सुखाचा झाला, खर्च टॅक्सीच्या मानाने किरकोळ. म्हणजे सोय आहे. ज्याला तिची गरज आहे त्याला ती वेळेवर कळत नाही.

5 जानेवारी 2023 ला मोपाहून विमाने सुरू झाली आणि गोंधळ वाढला. पूर्वी दाबोळी हा एकच विमानतळ होता, रस्ता पायाखालचा. आता तिकिटावर विमानतळाचा कोड जीओआय आहे की जीओएक्स, या एका अक्षरावर आपण वास्कोजवळ दाबोळीला उतरणार की महाराष्ट्राच्या सीमेलगत मोपाला, ते ठरते. मोपाहून पणजीच सुमारे 35 किलोमीटर. पुढे काणकोण, सांगे, केपेला जाणाऱ्याचा विचार करा. रात्र वाढली की पणजी, म्हापसा, मडगावहून पुढच्या गाड्या विरळ होतात, म्हणून नुसती विमानतळावरच्या बसची वेळ कळून भागत नाही. त्या बसने गेल्यावर फोंडा, डिचोली, वाळपई, कुडचड्याची शेवटची गाडी मिळेल का, हेही कळायला हवे.

दोन्ही विमानतळांवर सामानाच्या पट्ट्यासमोर एक फलक लावावा. त्यावर मराठीत, कोकणीत आणि इंग्रजीत पुढची बस किती वाजता, कुठल्या दारासमोरून, भाडे किती आणि पणजी, म्हापसा, मडगावहून शेवटची जोडगाडी कितीची, एवढे लिहावे. शेजारीच टॅक्सीचे गावागणिक दरही असू द्यावेत. विमान उशिरा आले तर फलकावरची वेळ बदलणारा माणूस तिथे हवा. अक्षरे मोठी काढावीत, म्हाताऱ्या माणसांना लांबून वाचता येतील एवढी.

— एक निवृत्त शिक्षिका, फोंडा