काट्यांच्या आधी दार बघ

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

दगडातून काढलेल्या सिस्टचे, डायनोफ्लॅजेलेट या एकपेशी जिवांनी झोपण्यापुरत्या केलेल्या त्या इवल्या कवचांचे, तुझे फोटो पाहिले. ‘आई, नवी जात आहे ही, काटे बघ किती लांब!’ हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. मीही अशीच काट्यांवर भाळले होते. पहिल्याच कामात लांब काट्यांची एक आणि आखूड काट्यांची दुसरी अशा दोन जाती मी करून बसले. तिसरी स्लाइड लावली तर मधल्या लांबीचे काटे ओळीने हजर! सहा महिन्यांचं लिखाण फाडलं.

आजच्या समुद्रात राहणाऱ्या लिंग्युलोडिनियम या डायनोफ्लॅजेलेटच्या सिस्टचे काटे पाण्याच्या खारेपणाप्रमाणे कमीजास्त होतात. पाणी गोडसर झालं की ते आखूड राहतात. जीव तोच, पाणी वेगळं. म्हणून एका नमुन्यावर जाऊ नकोस. चाळीस-पन्नास मोज, मग बोल.

काट्यांनी तर मोठमोठ्यांनाही चकवलंय. जर्मन शास्त्रज्ञ एहरेनबर्गने 1830 च्या दशकात चकमकीच्या दगडात हे गोळे पाहिले, पण काटेरी सिस्टांना त्याने गोड्या पाण्यातलं शेवाळ समजून नाव दिलं. पुढे कितीतरी वर्षं असे सगळे काटेरी गोळे ‘हिस्ट्रिकोस्फिअर’ या एकाच टोपलीत पडत राहिले. 1961 मध्ये अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ एव्हिटने काटे सोडून भोकाकडे बघितलं. कवचाला पडलेलं भोक वेडंवाकडं नव्हतं, त्याला नेमके कोन होते. डायनोफ्लॅजेलेटच्या अंगावरच्या चिलखतातल्या एखाद्या पाटीएवढाच तुकडा निघालेला होता. झोपलेला जीव जागा होऊन बाहेर पडला ते हे दार, आर्किओपाइल. काटेही मनाला येईल तिथे नव्हते, पाट्यांच्या हिशेबाने उगवलेले होते. नंतर वॉल आणि डेल या संशोधकांनी चिखलातल्या जिवंत सिस्ट प्रयोगशाळेत उबवल्या, आणि स्पिनिफेरायटिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कवचातून चक्क गोनिऑलॅक्स हा आजचा डायनोफ्लॅजेलेट बाहेर पोहत आला. मला अजूनही हे वाचताना अंगावर काटा येतो.

तेव्हा आधी दार शोध. ते टोकाशी आहे की कमरपट्ट्याच्या, म्हणजे अंगाभोवतीच्या आडव्या खाचेच्या, लगेच वर? की त्या दोहोंमधल्या जादा पाटीचं? गोनिऑलॅक्ससारख्यांत बहुधा पहिल्या दोन तऱ्हा दिसतात, पेरिडिनियम या दुसऱ्या डायनोफ्लॅजेलेटच्या कुळात तिसरी. झाकण सुटून गेलंय की एका कडेने चिकटून आहे तेही लिही. मग पाट्यांच्या खुणा, मग भिंतीचे थर, आणि काटे सगळ्यात शेवटी. फोकस हळूहळू खाली नेत जा. सिस्ट पारदर्शक असते, पोटाकडून बघताना पाठीवरचं दार आरपार दिसतं आणि डावं-उजवं उलटं होतं. वरच्या आणि खालच्या फोकसची दोन वेगळी चित्रं काढ. फोटो कितीही चांगला असला तरी पाट्या कळतात त्या पेन्सिलीनेच.

अजून एक. तुझ्या स्लाइडवर तपकिरी पेरिडिनियमवाले जवळजवळ नाहीतच. नमुना नायट्रिक ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिला का? ते बिचारे आधी विरतात, गोनिऑलॅक्सवाले तग धरतात, आणि आपण खुशाल लिहितो की त्या समुद्रात ते नव्हतेच. थोडा नमुना नायट्रिक ॲसिडाविना, म्हणजे ऑक्सिडेशन न करता, तयार करून बघ.

आणि दगड विरघळवायचं ते हायड्रोफ्लुओरिक ॲसिड. त्याचा थेंब लागला तरी कधीकधी तासन्‌तास दुखत नाही, आत मात्र हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडू नकोस. एकटी असताना तर मुळीच नाही. इथे मी शिक्षिका नाही, आई आहे.

लहानपणी कोकणात रात्री लाटा निळ्या चमकताना बघून तू विचारलं होतंस, ‘यातले दगडात सापडतात का?’ ती बहुधा नॉक्टिल्युका, चमकणारी डायनोफ्लॅजेलेट; तिचं असं कवच मागे उरत नाही. आजच्या डायनोफ्लॅजेलेटांतल्या सातात एखादीच जात टिकाऊ सिस्ट करते. आपल्या हाती येतात त्या एवढ्याच.

दाराचं चित्र काढून झालं की पाठव. दोन्ही फोकसचं. नावाचं मग बघू.

तुझी,
आई