'त्या काळी बरोबर' होतं, पण कुणाला?

मा. संपादक, नमस्कार.

चांगलं-वाईट असं काही नसतंच, सगळं ज्याच्या त्याच्या बघण्यावर असतं, हे आजकाल फार ऐकू येतं आणि थोडं मला पटतंही. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, उत्तरेत नुसतं ऐकून लोक कानावर हात ठेवतात, तिथे चूक कोण हे मी नाही सांगणार.

पण सगळंच तसं नाही हो. काका गेले तेव्हा मी नववीत होते. मयत उचलायच्या आधी आजीनं काकूचा हात दगडावर धरला आणि हिरव्या बांगड्या फोडल्या, एक काच मनगटात घुसली, रक्त आलं तरी काकू हूं नाही की चूं नाही, कापत होता तो आजीचाच हात, कारण तिच्या बांगड्याही कधीतरी अशाच कुणीतरी फोडलेल्या. रात्री मला जवळ घेऊन म्हणाली, पाप केलं गं पोरी आज. म्हणजे तिला कळत होतं! शाळेची पायरी न चढलेल्या बाईला.

म्हणून 'त्या काळी लोकांना ते बरोबर वाटायचं' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. लोक म्हणजे कोण? विधवांना कुणी विचारलं होतं? केशवपनाचंच बघा, 1890 साली मुंबईच्या न्हाव्यांनी आम्ही विधवांची डोकी भादरणार नाही म्हणून संप केला, पाठीशी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे होते. ज्यांचं पोट वस्तऱ्यावर त्यांनीच तो खाली ठेवला, ती माणसं पण त्याच काळातली ना?

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं 4 मे 2022 ला ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली, त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करा म्हणून सांगितलं. आता कुणी म्हणेल, ठराव झाला म्हणून ते वाईट ठरलं. नाही, ठरावाच्या आधीही ती काच मनगटात तशीच घुसत होती, दुखत तेवढंच होतं.

आमच्या गावात हा विषय अजून आलेला नाही. मी पंचायतीत अर्ज दिलाय, पुढच्या ग्रामसभेला काकूला सोबत घेऊन जाणार आहे, ती हो म्हणालीय.

- एक वाचक, जि. कोल्हापूर