भाईंना, चारचौघांत

आदरणीय भाई,

सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून उशीखाली सारलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. तोंडावर आभार मानायची तर सोयच नाही. मी सुरुवात केली रे केली की तुम्ही वहिनींना चहा टाकायला सांगता आणि पावसाचा विषय काढता. म्हणून उघड लिहितोय. तुमचं नाव आणि गाव घालत नाही, तेवढा तुमचा मान राखतो. फोंडा तालुक्यात तुम्हाला ओळखणारे ओळखतीलच. आणि खरं सांगायचं तर यात माझा थोडा मतलबही आहे. जुनी वर्तमानपत्रं जमवणारे माझ्यासारखे वेडे गोव्यात आणि गोव्याबाहेर पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही हाती पडायला हवं.

माझ्याकडे येणारी निम्मी पानं बेवारस असतात. कोणाच्या ट्रंकेच्या तळाला अंथरलेली, कोणी देवाच्या तसबिरीमागे चिकटवलेली, कोणी बश्यांना गुंडाळून माळ्यावर टाकलेली. वरची पट्टी वाळवीने खाल्लेली, म्हणजे अंकाचं नाव गेलं आणि तारीखही गेली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालेलं ते पोर्तुगीज पान तुम्हाला आठवत असेल. विकणारा एवढंच सांगत होता की मुक्तीच्या, म्हणजे पोर्तुगीज जाण्याच्या, आधीचं आहे. मी तुमच्याकडे आणलं तेव्हा वाटलं होतं, तुम्ही बातम्या वाचून काळ सांगाल. तुम्ही बातम्यांकडे बघितलंही नाही. पान उलटं केलंत, जाहिरातींवरून बोट फिरवत आलात आणि एका कापडवाल्याच्या भावापाशी थांबलात. भाव तांग्यांत होता. "अठ्ठावन पयलींचें हें," म्हणालात आणि पान परत दिलंत.

मग उलगडून सांगितलंत. पोर्तुगीज अमलात इथे रुपिया चालायचा, सोळा तांग्यांचा एक रुपिया. १९५८ मध्ये तो जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो या हिशेबाने, आणि तांग्याच्या जागी सेंताव्ह. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती झाली आणि मागोमाग आपला भारतीय रुपया आला. भारतात दशमान पद्धत १९५७ मध्येच सुरू झाली होती आणि १ जून १९६४ पर्यंत पैशाला 'नया पैसा' म्हणायचे. म्हणजे गोव्यातल्या एखाद्या फाटक्या मराठी पानावर 'न. पै.' दिसलं की ते पान साधारण १९६२ ते १९६४ च्या मधलं. वर हेही बजावलंत की एकाच जाहिरातीवर विसंबायचं नाही, कारण दुकानदार चिकट असतो, जाहिरात छापायचा ठसा, म्हणजे ब्लॉक, एकदा केला की तो वर्षानुवर्षं चालवतो. दोन-तीन जाहिराती, बोटीचं वेळापत्रक, मृत्यूची एखादी सूचना, असं सगळं एकमेकांशी ताडून बघायचं. त्या दिवसापासून कुठलंही पान हातात आलं की मी आधी ते पालथं करतो. घरचे हसतात.

भाई, तुम्ही जुळारी, म्हणजे अक्षरांचे सुटे खिळे एकेक जुळवून छपाईचा मजकूर लावणारे. पोरवयात पोर्तुगीजांच्या वेळी छापखान्यात लागलात, मुक्तीनंतर मराठी दैनिकात आलात, आणि खिळे जाऊन ऑफसेट आलं तेव्हा निवृत्त झालात. वर्तमानपत्राकडे बघण्याची तुमची नजर वाचकाची नाहीच. तुम्ही अक्षरं उलटी वाचता, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. नातवाने आरशासमोर धरलेलं पुस्तक तुम्ही न अडखळता वाचून दाखवलंत आणि तो तोंडाचा आ करून बसला.

याच नजरेने तुम्ही माझ्या मडगावच्या मित्राचे पैसे वाचवले असते, पण तो तुमच्याकडे जरा उशिरा आला. त्याच्याकडे गांधीजींच्या हत्येनंतरचा, ३१ जानेवारी १९४८ चा एका इंग्रजी दैनिकाचा अंक होता. तपकिरी पडलेला, डाग असलेला, बघताक्षणी खरा वाटावा असा. तुम्ही डोळे मिटून पहिल्या पानाच्या पाठीवरून करंगळी फिरवलीत. खिळ्यांनी छापलेल्या पानावर दाबाचे वण उठतात, मोठा मथळा असेल तर मागच्या बाजूला हाताला लागतो. इथे पान सपाट होतं, काचेसारखं. मग भिंग दिलंत. खिळ्याच्या छपाईत शाई दाबली जाऊन अक्षराच्या कडेला सरकते, कड मधल्या भागापेक्षा गडद दिसते. त्या अंकात तसलं काही नव्हतं, आणि घडीची रेघ आणि चहाचा डागसुद्धा छापलेलेच निघाले! खरा जुना कागद कडांना आणि घडीवर जास्त काळवंडतो, आत उजळ राहतो. तो अंक मात्र सगळीकडे सारखाच तपकिरी होता. अशा प्रसिद्ध दिवसांच्या अंकांच्या स्मरणार्थ काढलेल्या प्रती पुष्कळ निघाल्या आहेत. त्या काढण्यात काही वाईट नाही, त्या मूळ म्हणून विकणं वाईट. मित्राचा चेहरा उतरला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "वाचपाक बरो आसा न्हय?" मग त्यालाही हसू आलं.

कागदाचंही तसंच. माझ्याकडे 'बोलेतिम'चं, म्हणजे पोर्तुगीज सरकारी राजपत्राचं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं एक पान आहे. ते आजही रुमालासारखं मऊ आहे, आणि १९६५ चा अंक उघडताना मात्र तुकडे हातात येतात. याचं मला नवल वाटायचं. जुना कागद चिंध्यांपासून व्हायचा आणि नंतरचा न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा. लाकडात मुळातच असणाऱ्या लिग्निन या द्रव्यामुळे ऊन-हवा लागली की तो पिवळा पडतो, आम्ल धरतो आणि ठिसूळ होतो. हे मी पुढे पुस्तकांत वाचलं. तुम्ही मात्र दोन्ही कागदांचे कोपरे माझ्या बोटांत देऊन आधीच सांगून टाकलं होतंत.

आता वहिनींबद्दल. त्यांचे आभार वेगळे मानायला हवेत. चतुर्थीच्या आधी घराघरांत साफसफाई निघते आणि त्याच आठवड्यात गोव्यातला किती इतिहास भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. वहिनींनी आख्ख्या वाड्यात सांगून ठेवलं, "जुनं पेपर टाकू नका, आमचा रद्दीवाला येतो." हा रद्दीवाला म्हणजे मी. या एका निरोपावर मला जेवढं मिळालं तेवढं बाजारात पैसे मोजूनही मिळालं नसतं. आणि त्यांची गठ्ठे बांधायची पद्धत! पोथी बांधतात तसं धुतलेल्या सुती कापडात, आत वेखंडाचे तुकडे पुडीत घालून, आणि भिंतीपासून हातभर लांब. गोव्याच्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला गठ्ठा आतून घामेजतो आणि बुरशी धरतो. सुती कापड निदान श्वास घेतं. मी पुढे आम्लविरहित फोल्डरही आणले, पण कापडाची सवय सोडलेली नाही. पारदर्शक चिकटपट्टी लावलेलं पान बघितलं की आता मला त्यांचाच चेहरा दिसतो. "कोणी लावली ही?" असा.

सगळ्यात मोठ्या उपकाराकडे वळतो. जनमत कौलाचे अंक.

१६ जानेवारी १९६७ चा तो कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, म्हणून राहावा. आमच्या पिढीला ते पुस्तकातलं. २४ मार्च १९६२ पासून निघू लागलेला 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने आणि मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधात. दोन्ही मराठीच, दोन्हींचे वाचक शेजारी-शेजारी, पुष्कळदा एकाच घरात. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्याच काळात 'राष्ट्रमत'मध्ये यायचं. निकाल लागला तो १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा, संघप्रदेशाच्या बाजूने. हे आकडे कुठेही मिळतात. मला हवे होते ते त्या दिवसांतले दोन्ही बाजूंचे अंक, एकाच तारखेचे, समोरासमोर ठेवायला. जमवणारे बहुतेक आपल्याच बाजूचा अंक जपतात, त्यामुळे जोडी सापडत नाही. माझ्याकडे एका बाजूचे थोडे होते.

तुम्ही कोणत्या बाजूचे खिळे जुळवत होतात ते मी लिहीत नाही. पण तुम्ही सांगितलेलं एक लिहितो. दिवसभर एका बाजूचा अग्रलेख हातांनी जुळवायचा, रात्री घरी आलं की तुमचे वडील दुसऱ्या बाजूचं पत्र मोठ्याने वाचत असायचे, आणि तुम्ही भाकरी मोडत ऐकायचात. वडिलांनी ते अंक दोरीने बांधून ठेवले होते आणि तुमच्या हातचे अंक तुम्ही वेगळे. दोन गठ्ठे, एकाच माळ्यावर, इतकी वर्षं. तुम्ही ते दोन्ही मला दिलेत. पैशाचं विचारलं तर रागावलात, इतके की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

ते अंक समोरासमोर ठेवून वाचताना मी राजकारणापाशी फार रमलो नाही. मला पकडून ठेवलं ते बाकीच्या मजकुराने. त्याच दिवसात दोन्ही पत्रांत लग्नं लागताहेत, नाटकं होताहेत, मासळीचे भाव चढताहेत. आणि एका मथळ्यात वेलांटी अर्धी तुटलेली. तुम्ही ती बघून गप्प झालात. मग म्हणालात, तो खिळा तुमच्याच केसमधला, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीतला. फोरमन म्हणायचा बदल, आणि घाईत तो परत हाताला लागायचा. तीच तुटकी वेलांटी मला नंतर एका निनावी, बिनतारखेच्या अर्ध्या पानावर दिसली आणि ते पान कोणत्या छापखान्यातलं हे कळलं. हे मी कोणत्याही तज्ज्ञाला विचारलं असतं तरी कळलं नसतं.

तुमच्याकडून ऐकलेली आणखी एक गोष्ट मी वारंवार सांगत असतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापण्याआधी प्रूफ सेन्सॉरकडे जायचं, लग्नपत्रिकेचंसुद्धा. तुम्ही पोरवयात अशी एक पत्रिका घेऊन गेला होता आणि शिक्का मिळेपर्यंत बाहेर उन्हात उभे होता. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला हे आपण अभिमानाने सांगतो. पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथली छपाई थांबली ती १८२१ मध्ये 'गाझेता द गोवा' निघेपर्यंत. म्हणजे यंत्र सगळ्यांत आधी आलं, आणि वर्तमानपत्र निघायला अडीचशेहून जास्त वर्षं जावी लागली. पुढे पोर्तुगालमध्ये १९१० ला प्रजासत्ताक आल्यावर इथल्या पत्रांना थोडी मोकळीक मिळाली आणि १९१२ मध्ये गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं 'भारत' सुरू झालं. त्या पत्राचा एखादा अंक जरी कोणाच्या माळ्यावर असेल तर कृपा करून टेम्पोत घालू नका. हे भाईंना उद्देशून नाही, वाचणाऱ्यांना उद्देशून आहे.

एका बाबतीत तुम्ही माझ्यावर जबरदस्ती केलीत, तिचेही आभार. मला सगळं घरात ठेवायची हाव होती. तुम्ही अट घातलीत की कौलाचे अंक आधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात दाखवायचे, तिथल्या फायलींत नसलेले अंक त्यांना स्कॅन करू द्यायचे, मगच कपाटात घालायचे. हे ग्रंथालय १८३२ पासूनचं, आणि तुमचं म्हणणं असं की आपण दोघे मेल्यावर कपाट विकलं जाईल, ग्रंथालय राहील. मी कुरकुरत गेलो. हल्ली वाढदिवसाच्या भेटीसाठी जुने बांधीव खंड फोडून सुटी पानं विकण्याचा धंदा चालतो. तो बघितला की तुमची अट बरी वाटते.

आता एक काम आहे. खिळे जुळवण्याबद्दल तुमच्याशी बोलून ते ध्वनिमुद्रित करायची माझी फार इच्छा आहे. खिळे जुळवायची हातातली स्टिक कशी धरायची, जोडाक्षरांचे खिळे केसमध्ये कुठे असायचे, रात्रपाळीत दिवे गेले तर काय करायचे, सगळं. तुम्ही "माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे" म्हणणार, हे ठाऊक आहे. म्हणून मी आधी वहिनींना विचारलं, आणि त्यांनी हो म्हटलंय. पुढच्या रविवारी अकराच्या सुमाराला येतो. त्या दिवशी गावातल्या भजनाची सबब चालणार नाही, तेही वहिनींना विचारून ठेवलंय.

कळावे, लोभ आहेच तो वाढावा.

तुमचा,
म्हापशाचा एक संग्राहक