बेनी मोरे यांची ध्वनिमुद्रणे

संपादक महोदय,

क्यूबाच्या ‘सोन’ या लोकप्रिय गीतप्रकाराच्या गायकीत बेनी मोरे (१९१९-१९६३) यांचे स्थान मला सर्वांत वरचे वाटते. मिगेल मातामोरोस यांच्या वाद्यवृंदासोबत १९४५ मध्ये मेक्सिकोला गेलेल्या या गायकाने तेथे वाद्यवृंद-संचालक पेरेस प्रादो यांच्या साथीने ध्वनिमुद्रणे केली आणि मायदेशी परतल्यावर १९५३ मध्ये ‘बांदा हिगांते’ हा स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारला. स्वरलिपी वाचता येत नसल्यामुळे वादकांनी वाजवायचे तुकडे ते स्वतः गाऊन सांगत, आणि कदाचित म्हणूनच त्या पितळी वाद्यांच्या गजरातही गळा आणि वाद्ये एकाच मनातून निघाल्यासारखी भासतात. जन्मगाव सांता इसाबेल दे लास लाहासवर त्यांनी रचलेले सोन तर संगीतप्रेमींनी अवश्य ऐकावे. आपल्या पत्राने त्यांच्यावर सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे